पासष्टीनंतरचे पंधराशे

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या एका योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमासाठी, म्हणजे देशभरातल्या गरीब म्हाताऱ्या, विधवा आणि दिव्यांग माणसांच्या पेन्शनसाठी, ९,६५२ कोटी ठेवले. एका राज्याची एक योजना देशाच्या पेन्शनखर्चाच्या जवळजवळ पावणेचार पट निघाली. म्हणून लाडक्या बहिणीचे पैसे जास्त झाले, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो चुकीचा वाटतो. गरिबाच्या हातात सरकारने किती द्यावे यापेक्षा, जे दिले ते त्याला उद्या मागता येते का, आणि अंगातले बळ संपल्यावर ते चालू राहते का, हे आधी पाहायला हवे. यातल्या पहिल्या प्रश्नावर तरी महाराष्ट्र पन्नास वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा पुढे होता.

हे सगळे मुंबईतून पाहण्याऐवजी पाचोडमधून पाहिले तर चित्र स्पष्ट दिसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. मोसंबीचा बाजार मोठा, आसपासच्या वाड्यावस्त्यांचा राबता कायमचा. नाथसागर याच तालुक्यात असला तरी साऱ्या शिवारांना त्याचे पाणी मिळत नाही. शिवाय २०१९ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत, मधला सत्तांतराचा काळ सोडला तर, राज्याचे रोजगार हमी आणि फलोत्पादन हे खाते ज्यांच्याकडे होते ते संदिपान भुमरे पाचोडचेच. म्हणजे योजना जिथे पोहोचतात ते गाव आणि योजना जिथून निघतात ते मंत्रालय यांच्यातले अंतर इथे काही वर्षे तरी कमी होते.

इथल्या एखाद्या पिवळ्या रेशनकार्डाच्या घरात शासनाचा हात किती ठिकाणी पोहोचतो ते पाहा. धान्य फुकट मिळते. नातवंडे अंगणवाडीत किंवा शाळेत दुपारी जेवतात. घरातल्या बाईला पंधराशे रुपये. एखादा एकर नावावर असेल तर पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून राज्याच्या 'नमो'चे तेवढेच. म्हातारीला श्रावणबाळचे पैसे, आजारपणात महात्मा फुले योजनेचे कार्ड, कपाटात जॉबकार्ड. कागदावर हे घर चहूबाजूंनी सावरलेले आहे. पण यातल्या प्रत्येक योजनेचे उत्पन्नाचे माप वेगळे, खाते वेगळे, कागद वेगळे आणि पैसे येण्याची तारीखही वेगळी.

पन्नास वर्षांपूर्वीची सुरुवात मात्र वेगळी होती. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट मराठवाड्यात अजून सांगितली जाते. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांवरची माती, सुकडी, बाहेरून आलेली तांबडी मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. इतक्या भीषण दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याची नोंद पुढे ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी मुद्दाम घेतली. त्याआधी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी एक प्रयोग करून पाहिला होता. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि त्यातून गावाच्याच जमिनीची, पाण्याची कामे उभी करायची. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या या कल्पनेला बहात्तरच्या आपत्तीने राज्यव्यापी रूप दिले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्यातल्या तीन गोष्टी आजही विचार करायला लावतात. पहिली म्हणजे त्यात कोणाचाही उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. उन्हात माती उपसायला जो तयार आहे त्याला गरज आहे, एवढे गृहीत पुरेसे होते. दुसरी गोष्ट, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही तर सरकारला बेकारी भत्ता द्यावा लागेल, असे लिहून ठेवले होते. भत्ता तुटपुंजा होता आणि प्रत्यक्षात फारसा कोणाला मिळाला नाही, तरी मजुरांच्या संघटनांना तहसीलवर मोर्चा नेताना हातात कायद्याचे कलम होते. तिसरी गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. या खर्चासाठी सरकारने वेगळा कर लावला. १९७५ चा व्यवसाय कर तो हाच. नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये आजही कापलेले दिसतात, ते यातलेच. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने कोरडवाहू गावातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, हा व्यवहार उघडपणे, कायदा करून ठरवलेला होता. आज तो कर भरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

पुढच्या काळात या योजनेचे रूप पालटत गेले. १९९० मध्ये फळबाग लागवड तिला जोडली गेली आणि लहान शेतकऱ्याच्या बांधावरची झाडे हमीच्या पैशातून लागू लागली. राज्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात फळबागा पसरल्या त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. मजुरी मिळाली, आणि मागे उत्पन्न देणारी बागही राहिली. सामाजिक खर्च म्हणजे पैसा वाया घालवणे, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. अर्थात २०१२-१३ च्या दुष्काळात याच भागातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हेही तितकेच खरे. टँकरने पाणी घालून झाडे जगवणाऱ्यांनी काढलेले कर्ज कुठल्याच योजनेच्या हिशेबात आले नाही.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि अकुशल मजुरीचा सगळा भार स्वतःकडे घेतला. केंद्राची हमी घरटी शंभर दिवसांची होती. महाराष्ट्राने मात्र आपल्या जुन्या कायद्याला धरून उरलेल्या दिवसांचीही हमी कायम ठेवली आणि त्याचा खर्च राज्यावर घेतला. कागदावर महाराष्ट्रातला मजूर वर्षाचे ३६५ दिवस काम मागू शकत होता. गावात मात्र योजनेचा अर्थ वेगळा झाला. 'मागेल त्याला काम' याच्या जागी 'मागेल त्याला शेततळे', 'मागेल त्याला विहीर' असे शब्द आले. विहिरीला चार लाख आणि नंतर पाच लाखांपर्यंत अनुदान झाले. विहीर हवीच आहे. पण ज्याला जमीन नाही त्याला विहिरीचा उपयोग काय? शिवाय जिथे एकेका मंजुरीत लाखांचा आकडा आला, तिथे दलाल आले. मार्च २०२३ च्या अखेरीस याच जिल्ह्यातल्या गेवराई पायगा गावचे सरपंच मंगेश साबळे यांनी फुलंब्री पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. ती चित्रफीत राज्यभर फिरली.

मजुराची बाजू त्या मानाने गप्प राहते. २०२५-२६ मध्ये राज्यात हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हजेरीपत्रकाच्या जोडीला आता मोबाइलवरचा फोटो आला आहे. कामावर दोनदा फोटो काढून चढवायचा. शिवारात रेंज मिळाली नाही की दिवसभर माती उपसूनही हजेरी लागत नाही. जॉबकार्डाला आधार, आधारला बँक खाते, आणि खात्याला तेच नाव त्याच स्पेलिंगने. या साखळीतली एक कडी निसटली तरी मजुरी अडकते. घरात चूल पेटवण्यासाठी ज्याला आठवड्याच्या बाजाराला रोख लागते, तो दोन-तीनदा असे झाले की कामावर जाणे सोडतो आणि ऊसतोडीच्या टोळीची उचल घेतो. मग पत्रकात लिहिले जाते की कामाला मागणी नाही.

ज्यांना कामच करता येत नाही त्यांची गोष्ट याहून बिकट आहे, आणि सगळ्या आढाव्यात मला तिथेच जास्त थांबावेसे वाटते. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने खचलेली माणसे, अनाथ मुले यांच्यासाठी ती आहे. वयाची पासष्टी झाली की त्याच माणसाने श्रावणबाळ योजनेत जायचे. अनेक वर्षे महिना सहाशे रुपये मिळत. ते २०१९ मध्ये हजार झाले, २०२३ मध्ये पंधराशे. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये अडीच हजारांचा निर्णय झाला. यात केंद्राचा वाटा किती? ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे अशा साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्यांसाठी महिना दोनशे रुपये. हा आकडा २००७ पासून हललेला नाही. दिवसाला पावणेसात रुपयेही होत नाहीत. एवढ्यात पाचोडच्या स्टँडवर एक चहा येत नाही.

रकमेपेक्षाही जाचक आहे ती पात्रतेची अट. दिव्यांगांना पन्नास हजारांपर्यंत सूट आहे. बाकी सर्वांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. हा आकडा सरकारच्याच दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. ३१२ रुपये रोजाने घरातल्या एका माणसाने अडुसष्ट दिवस हमीच्या कामावर काढले की कुटुंबाचे उत्पन्न २१,२१६ होते. म्हणजे सरकार एका हाताने कामाची हमी देते, आणि कोणी ती पुरी वापरली तर दुसऱ्या हाताने त्याच्या घरातल्या निराधार विधवेचे अनुदान नाकारते. नियम असा असला की माणसे काय करतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत एकवीस हजारांच्या आतला दाखला मिळवायचा. देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते. त्या एका कागदापायी गरीब माणूस कायमचा मिंधा राहतो. उद्या कोणी तक्रार केली तर आपले बंद होईल ही भीती त्याच्या मनात बसते. आणि अर्जांवर निर्णय घेणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या शिफारशीचा असतो. अशा गरिबाच्या तोंडून हक्काची भाषा कशी निघणार?

आता लाडकी बहीण. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, जुलैपासून योजना लागू झाली, ऑगस्टच्या मध्यात खात्यात पैसे पडले. सरकारी यंत्रणेने इतक्या वेगाने काम केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बाईला महिना पंधराशे. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. योजना भरात असताना लाभार्थी दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात होत्या. बायकांच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याला न विचारता काढता येतील असे पैसे आले. दुकानाची उधारी फिटली, मुलींच्या क्लासची फी भरली गेली, औषधे आली. या पैशाला जे 'रेवडी' म्हणतात त्यांनी पंधराशे रुपयांत महिनाभर घर चालवून पाहिलेले नसते.

पण या योजनेत एक विचित्र खाच आहे. ती दाखवण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. दोन एकर कोरडवाहू, मुलगा मोसंबीच्या बाजारात हमाली करतो, सून रोजंदारीला जाते. वर्षाचे उत्पन्न लाखभर. या घरातल्या चौसष्ट वर्षांच्या सासूला लाडकी बहीण म्हणून पंधराशे मिळतात, सगळे नियमात बसते. तिला पासष्ट पूर्ण झाली की ही रक्कम थांबते आणि श्रावणबाळची पाळी येते. तिथे अट एकवीस हजारांची. लाखभर उत्पन्नाचे घर त्यात बसत नाही. काल सरकारच्या लेखी जी बहीण गरजू होती, ती आज गुडघे धरून बसली, डोळ्याला मोतीबिंदू आला, रोजंदारी सुटली, आणि नेमकी आजच ती गरजू उरली नाही! अडीच लाख आणि एकवीस हजार, दोन मर्यादांत जवळजवळ बारा पटींचा फरक. दोन खात्यांनी एकमेकांचे शासन निर्णय शेजारी ठेवून वाचले असते तर ही खाच राहिली नसती. मग सेतू केंद्रात तीच बाई, पातळाच्या ओच्यात आधार कार्ड गुंडाळून, कमी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहते. यंत्रावर अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपे धरून रेषा झिजलेल्या असतात. केंद्रातला पोरगा म्हणतो, "मावशी, हात पुसून परत ठेवा."

राज्याच्या तिजोरीवरचा ताणही खरा आहे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्यात महसुली तूट जवळपास ४६,००० कोटींची. मोठी योजना आली की लहान योजनांचे पाणी आटते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून सातशे कोटींहून अधिक रुपये लाडक्या बहिणींकडे वळवले गेले. तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ते छत्रपती संभाजीनगरचेच आमदार आणि जिल्ह्याचे पालकमंत्री. त्याच वर्षी दिवाळीचा 'आनंदाचा शिधा' देता येणार नाही, कारण लाडक्या बहिणीचा भार सगळ्याच खात्यांवर आला आहे, असे अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी सांगून टाकले. मग छाननी सुरू झाली. २०२५ च्या मध्यात सव्वीस लाखांहून अधिक लाभार्थींचे पैसे थांबवले गेले. नावे घालताना घाई आणि काढताना कठोरपणा, हा क्रम उलटा हवा होता. ज्या बाईचे पैसे थांबले तिने कोणाकडे दाद मागायची? कायदा नसल्यामुळे तिच्याकडे अर्ज आणि विनंती एवढेच उरते.

धान्याबद्दल थोडक्यात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने राज्यातल्या सात कोटी लोकांचे धान्य हक्काचे केले, आणि २०२३ पासून ते फुकट झाले. हा खर्च केंद्राचा सर्वात मोठा सामाजिक खर्च आहे, आणि त्याने गावातली भूक हटवली, हे मान्य केलेच पाहिजे. मराठवाड्याची गोष्ट जरा वेगळी. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना, आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठीच्या योजनेत, २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळे. केंद्राकडून त्यासाठी गहू-तांदूळ मिळणे बंद झाले, तेव्हा २०२३ पासून माणशी दीडशे रुपये आणि पुढे एकशे सत्तर रुपये रोख देण्याचे ठरले. कायद्यातले धान्य टिकले, शासन निर्णयावरचे धान्य गेले. पाच किलोच्या हिशेबाने चौतीस रुपये किलो; आज गहू त्यात बसतो, उद्या बसेल याची हमी कोण देणार?

पाचोडचे आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. डॉ. अशोक द्यालचंद यांची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था दशकानुदशके या भागातल्या किशोरवयीन मुलींबरोबर काम करते आहे. जीवनकौशल्यांचे वर्ग घेतले तर मुलींच्या लग्नाचे वय पुढे जाते, हे इथे दिसून आले. राज्याची 'लेक लाडकी' योजना मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये देते. त्यातले पंचाहत्तर हजार अठरा पूर्ण झाल्यावर. योजना चांगली आहे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली सातवीतली मुलगी फडावर जाते की शाळेत राहते, हे शेवटच्या पंचाहत्तर हजारांपेक्षा गावात तिच्यासाठी वसतिगृह आणि वर्ग घेणारी ताई आहे का, यावर ठरते. या कामाचा खर्च कोणत्याही घोषणेत दिसत नाही.

वृद्धांसाठी हे प्रश्न दुसऱ्या देशांनी कसे सोडवले ते पाहिले तर ब्राझीलची गोष्ट जवळची वाटते. १९८८ च्या त्यांच्या राज्यघटनेनेच ठरवून दिले की गरीब म्हातारे आणि अपंग यांना महिना एक किमान वेतन मिळेल. पासष्टीपुढच्या माणसाला ते मिळते आणि किमान वेतन वाढले की आपोआप वाढते. दर निवडणुकीला कोणी जाहीरनामा काढायची गरज राहत नाही. आपल्याकडेही असे घडले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाच्या खिशातून आकारणी घेऊन हमालाचा भविष्य निर्वाह निधी आणि औषधपाणी बांधून दिले, आणि ते कोणाच्या मर्जीवर राहिले नाही.

तर मग करायचे काय? श्रावणबाळ आणि निराधारची एकवीस हजारांची अट तातडीने काढावी. पक्के सरकारी निवृत्तिवेतन असलेली, आयकर भरणारी घरे वगळून पासष्टीपुढच्या प्रत्येकाला पेन्शन द्यावी. लाडक्या बहिणीचा पैसा पासष्टीला तोडण्याऐवजी तोच पुढे पेन्शन म्हणून चालू राहावा. या रकमा हमीच्या मजुरीला बांधाव्यात, म्हणजे मजुरी वाढली की त्या वाढतील. आणि हे सगळे शासन निर्णयाने न करता विधिमंडळात कायदा करून करावे, ज्यात ठरलेल्या तारखेला पैसे न आल्यास भरपाईचे कलम असेल. खर्च वाढेल. पण आज जी रक्कम आपण खर्च करतोच आहोत, तिच्यातला बराच भाग नुसता नीट जोडला तरी म्हातारपण सावरेल.

पैसा कुठून, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना कायदा बाजूला सारून नवा केला. घरटी १२५ दिवसांची हमी आली. पण शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली, आणि खर्चाची वाटणी केंद्र साठ, राज्य चाळीस अशी झाली. आजवर मजुरी पूर्ण केंद्राची होती, राज्यावर साहित्याचा चौथा हिस्सा येई. आता चाळीस टक्के उभे करायचे आहेत, आणि तेही लाडक्या बहिणीच्या हजारो कोटींबरोबर. ज्या व्यवसाय करावर पागेंची हमी उभी राहिली त्याची कमाल मर्यादा वर्षाला अडीच हजार आहे, आणि ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरलेली. तेव्हापासून पगार कितीतरी पटींनी वाढले, कर तिथेच थांबला. ही मर्यादा वाढवायला संसदेतच जावे लागेल. मराठवाड्याचे आठ खासदार तिथे बसतात, आणि पाचोडचे माजी रोजगार हमीमंत्री संदिपान भुमरे २०२४ पासून त्यांतले एक आहेत.